धाकटे साहेब

आमच्या कार्यालयात माझ्या पाठीमागे मला 'गाळणी' म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. खरं सांगायचं तर आतून गुदगुल्याच व्हायच्या. अंतराळ संशोधनासाठी नवी यंत्रं आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्रॅम तयार करू पाहणाऱ्यांना अनुदान द्यायचं की नाही, हे ठरवणाऱ्या समितीचा मी बावीस वर्षं अध्यक्ष होतो. प्रस्ताव ढिगाने यायचे. मी प्रत्येक प्रस्ताव पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचो, हातात तांबडी पेन्सिल घेऊन. शेवटी दहापैकी गुण आणि खाली एका वाक्याचा शेरा. लोक माझे शेरे पाठ करून जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना ऐकवायचे, हे मला शिपायानेच सांगितलं होतं.

त्यातला एक शेरा फारच गाजला. 'प्रस्तावकाला स्वतःलाच खात्री नाही, मग ती आम्ही कुठून आणायची?' ज्या प्रस्तावात 'कदाचित', 'बहुधा', 'अजून सांगता येत नाही' असलं काही दिसलं, त्याखाली मी हे वाक्य डोळे मिटून लिहायचो. डोळे मिटून हे आज म्हणतोय. तेव्हा माझी समजूत अशी होती की डोळे उघडे ठेवून वाचणारा त्या इमारतीत मी एकटाच आहे.

निवृत्तीला महिना राहिला तेव्हा सचिव बाई एक कागद घेऊन आल्या. ह्या बाईंना मीच नोकरीत घेतलं होतं, तेव्हा त्या टायपिंगच्या टेबलावर होत्या. म्हणाल्या, "साहेब, प्रस्ताव आता चौपट झालेत. पहिली चाळणी यंत्राकडून करून घ्यायचं ठरतंय. त्याला शिकवायला तुमचे बावीस वर्षांचे गुण आणि शेरे हवेत. तुमची हरकत नसेल तर इथे सही करा."

हरकत? मला आकाश ठेंगणं झालं. बाकीचे निवृत्त होतात तेव्हा त्यांना शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळतं. मला तर खुर्ची सोडल्यावरही खुर्चीतच बसवून ठेवणार होते! मी झोकात सही केली. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे माणूस घरी आला आणि साहेब तिथेच राहिला. माझं नशीब थोर." पुढे कळलं की कार्यालयात त्या यंत्राला 'धाकटे साहेब' म्हणतात. ते ऐकूनही मी खूश झालो होतो.

त्यानंतर दीड वर्षाने, एका रविवारी सकाळी माझी भाची दारात उभी राहिली. धाकट्या बहिणीची ही एकुलती एक मुलगी. हिला आम्ही लहानपणापासून मुंगी म्हणतो, कारण ही एका जागी कधी बसलीच नाही. आता चाळिशीला आली तरी मुंगीच. लग्न केलं नाही, चांगली नोकरी सोडली, आणि दोन मित्रांना घेऊन एका जुन्या छापखान्याच्या जागेत वर्कशॉप काढलं. तिथे ती काय करते हे मी कधी नीट विचारलं नव्हतं. अंतराळाचं काहीतरी आहे एवढं माहीत होतं, आणि माझ्या समितीकडे तिने कधी अर्ज केला नाही याचं मला बरंच वाटायचं. नातेवाईक म्हटलं की उगाच लोकांना बोलायला विषय.

एरवी ती आली की 'अरे मामा, चहा टाक' म्हणत थेट स्वयंपाकघरात शिरायची. त्या दिवशी ती दारातच थांबली.

"मामा, तुम्हाला हे समोरासमोर सांगता आलं असतं."

ती रागावली की मला अहोजाहो करते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. बायको हात पुसत बाहेर आली आणि तशीच आत गेली.

"काय झालं?" मी विचारलं.

तिने पत्र माझ्या हातात दिलं. आमच्याच कार्यालयाचं पत्र. प्रस्ताव प्राथमिक छाननीत नामंजूर. गुण दहापैकी चार. आणि खाली शेरा: प्रस्तावकाला स्वतःलाच खात्री नाही, मग ती आम्ही कुठून आणायची?

"मी नाही लिहिलं हे," मी म्हणालो.

"हे वाक्य तुमचं नाही?"

"वाक्य माझं आहे. पण मी लिहिलेलं नाही. मी दीड वर्षापूर्वी निवृत्त झालो, तुला माहीत नाही का?"

"निवृत्त झालेली माणसंही बाहेरून प्रस्ताव तपासतात. वशिला म्हणायला नको, म्हणून तुम्ही असताना मी आठ वर्षं अर्ज केला नाही. तुम्ही गेल्यावर केला, तोही वर्कशॉपच्या नावाने. तरी तुम्ही ओळखलंत आणि आपल्या माणसाला झुकतं माप नको म्हणून जरा जास्तच कापलंत, असं वाटलं मला." मग म्हणाली, "मामा, तीस तारखेपर्यंत वेळ आहे. त्यानंतर सगळं संपलं."

मी तिला बसवलं आणि पहिल्यांदाच विचारलं, की बाई गं, तू तिथे करतेस तरी काय.

तिने सांगितलं. एक छोटं यान पुढच्या वर्षी तीन लघुग्रहांच्या जवळून जाणार आहे. ते हजारो फोटो काढेल, पण इतक्या लांबून पृथ्वीवर पाठवता येतील ते दिवसाला मोजकेच. कोणते पाठवायचे आणि कोणते पुसून टाकायचे, हे यानावरच्या प्रोग्रॅमला स्वतः ठरवावं लागतं. आजवरचे असले प्रोग्रॅम प्रत्येक फोटोला काहीतरी नाव देतात: हा दगड, ही धूळ, ही सावली. हिचा प्रोग्रॅम वेगळा. जे ओळखता येत नाही त्याला तो 'माहीत नाही' म्हणतो, आणि ते फोटो सगळ्यात आधी पाठवतो.

"जे ओळखीचं आहे ते बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?" ती म्हणाली. बोलता बोलता तिचा राग थोडा उतरला होता.

यानावर तिचा प्रोग्रॅम चालवणाऱ्या डब्यासाठी जागा राखून ठेवलेली होती. वहीएवढा डबा. तीस तारखेपर्यंत अनुदानाचं पत्र दाखवलं नाही तर ती जागा दुसऱ्या गटाला जाणार होती, आणि असं यान पुन्हा कधी निघेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. वर्कशॉपही त्या जागेच्या भरवशावरच तग धरून होतं. त्या दिवशी अठरा तारीख होती.

सोमवारी मी कार्यालयात गेलो. सचिव बाई उठून उभ्या राहिल्या, चहा मागवला, तब्येत विचारली. मी नातं लपवलं नाही, सरळ सांगितलं. त्या जरा सावध झाल्या, पण मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. मला वाटलं होतं काहीतरी भलंमोठं कपाट असेल, दिवे लुकलुकत असतील. साधा संगणक होता. शेजारी कुणाची तरी पाण्याची बाटली.

"शंभरातल्या त्र्याण्णव वेळा हे तुमच्याइतकेच गुण देतं, साहेब," बाई अभिमानाने म्हणाल्या. "शेरेसुद्धा तुमचेच निवडतं."

"ह्या प्रस्तावाला चार का दिले, ते सांगतं का?"

सांगत होतं. पडद्यावर प्रस्ताव उघडला आणि त्यातली काही वाक्यं तांबडी झाली. यंत्रालाही तांबडाच रंग दिला होता. शेवटच्या भागाला मुंगीने शीर्षक दिलं होतं, 'आम्हाला काय माहीत नाही', आणि त्याखाली अकरा वाक्यं होती. धुळीने कॅमेरा अर्धा झाकला गेला तर आमचा प्रोग्रॅम काय करेल, हे आम्हाला अजून माहीत नाही. फार थंडीत तो चुकण्याचं प्रमाण किती वाढेल, हे माहीत नाही. ते शोधायलाच हे अनुदान हवं आहे. अकराच्या अकरा वाक्यं तांबडी.

मी म्हटलं, "ही अकरा काढून परत तपासा."

बाईंनी प्रत काढली, तेवढी वाक्यं पुसली आणि कळ दाबली. आठ गुण आले. शेरा होता: आत्मविश्वासपूर्ण आणि सुस्पष्ट मांडणी. हाही माझाच.

बाईंना वाटलं मी यंत्रावर नाराज आहे. त्या समजावू लागल्या की ते अजून शिकतंय, दुरुस्ती करता येते वगैरे. दुरुस्ती कुणाची करणार? खाण तशी माती. ते काही वेडंवाकडं शिकलं नव्हतं. अत्यंत हुशार, आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखं शिकलं होतं. मी म्हटलं, "बाई, मी ज्यांना आठ किंवा नऊ गुण दिले, त्यांच्यातल्या किती जणांची यंत्रं वर जाऊन चालली?"

त्यांनी आकडा काढला. निम्मीसुद्धा नव्हती. पाच-सहा तर पहिल्याच आठवड्यात गप्प झाली होती, आणि प्रत्येकाच्या प्रस्तावात लिहिलेलं होतं की कोणताही धोका नाही.

"आणि ज्यांना मी चार दिले, त्यांचं?"

"त्यांचं कसं कळणार, साहेब? त्यांना पैसेच दिले नाहीत. त्यांची पुढची फाईल नसते."

एवढी साधी गोष्ट बावीस वर्षांत माझ्या डोक्यात आली नव्हती. मी खुर्चीवर बसूनच राहिलो. बाईंनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"एक रस्ता आहे. ज्याच्या गुणांवर यंत्र शिकलं, त्यानेच लेखी दिलं की ते गुण सदोष होते, तर नियमाप्रमाणे यंदाची सगळी छाननी रद्द होते. मग प्रत्येक प्रस्ताव माणसं वाचतील, मुदत जवळ आलेले आधी. तुमच्या भाचीचाही, पण तुमचा संबंध न येता. मात्र पत्र सत्तावीस तारखेला पाचच्या आत माझ्या टेबलावर हवं." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि साहेब, मोघम चालणार नाही. सदोष होते, एवढं स्पष्ट हवं."

"देतो की," मी म्हणालो. "त्यात काय!"

घरी येऊन मुंगीला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे मामा, खरंच लिहिशील?" परत अरे झालं होतं. मी म्हटलं, "लिहितो म्हणजे काय, लिहिलंच समज."

त्या दिवशी पहिलं वाक्य लगेच लिहून झालं. 'मी बावीस वर्षं दिलेले गुण सदोष होते.' त्याखाली सही केली की झालं. पण मी ते वाक्य वाचलं, आणि मला त्या बावीस वर्षांतल्या दुपारी दिसू लागल्या. बहिणीच्या घरच्या कार्याला गेलो नाही, का, तर प्रस्ताव वाचायचे होते. मुलाच्या शाळेत एकदाही फिरकलो नाही. डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया झाली. ते सगळं सदोष? मी 'सदोष' खोडून 'अपूर्ण' लिहिलं. दुसऱ्या दिवशी 'काही अंशी अपूर्ण'. तिसऱ्या दिवशी वाटलं, आधी जरा पार्श्वभूमी सांगावी. बायको येता-जाता विचारायची, "झालं का पत्र?" मी म्हणायचो, "घाईचं काम नाही हे."

सव्वीस तारखेला पत्र तयार झालं. दोन पानी, सुवाच्य. 'काळाच्या ओघात तंत्रज्ञान बदलते, त्यानुसार निकषांचाही फेरविचार व्हावा. विशेषतः अनिश्चिततेच्या प्रामाणिक उल्लेखाकडे अधिक सहानुभूतीने पाहिले जावे, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.' ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. पण मला त्या क्षणी ते पत्र फार भारदस्त वाटलं होतं, हे कबूल करतो.

सत्तावीसला तीन वाजता ते बाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी दोन्ही पानं वाचली. परत पहिलं पान वाचलं.

"साहेब, हे पुढच्या वर्षासाठी झालं. ह्यावर मला यंदाची छाननी रद्द करता येणार नाही."

"आशय तोच आहे."

"आशय मला कळला. पण वरचे लोक वाक्य बघतात." त्यांनी कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. "एक ओळ लिहा. पाचपर्यंत मी इथेच आहे."

मी कागद घेऊन बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. पेनचं टोपण काढलं. तेवढ्यात समितीची बैठक सुटली आणि नवे अध्यक्ष चार सदस्यांसह बाहेर पडले. मला बघून ते लगबगीने जवळ आले, दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि बरोबरच्यांना म्हणाले, "हे आमचे साहेब. आज ही संस्था उभी आहे ती ह्यांनी घालून दिलेल्या शिस्तीवर. आम्ही फक्त हमाल." एक तरुण सदस्य तर वाकलाच. मी कागद घडी करून पेनासकट खिशात घातला. का, ते मला आजही धड सांगता येत नाही. त्यांच्या देखत ते वाक्य लिहायचं नव्हतं, हे खरं. पण ते गेल्यावर बाक रिकामा होता, मी होतो, खिशात पेन होतं आणि पाच वाजायला पाऊण तास बाकी होता. मी उठलो आणि बाईंना न भेटता घरी आलो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

मुंगीला मी सांगितलं, पत्र दिलं, बघू काय होतं ते. हे खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त वाईट होतं. तिने तीस तारखेपर्यंत वाट पाहिली. एकतीसला तिने स्वतःच सचिव बाईंना फोन केला, आणि बाईंनी, त्यांचा तरी काय दोष, तिला माझं पत्र वाचून दाखवलं.

ती भांडायला आली नाही. मी रोज दाराकडे कान लावून बसत होतो. आली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं. बहिणीचा फोन आला तो फक्त एवढं सांगायला, की शनिवारी वर्कशॉपची जागा सोडायची आहे, सामान हलवायला माणसं कमी आहेत. "तिने सांगितलेलं नाही, मी सांगतेय," ती म्हणाली.

मी गेलो. इतक्या वर्षांत तिथे पहिल्यांदा. उंच छताची खोली होती, फरशीवर जुन्या शाईचे डाग होते आणि एका भिंतीवर दगडांचे शेकडो फोटो चिकटवलेले होते. दोघं मित्र ते एकेक करून उतरवत होते. ते दोघेही दुसरीकडे नोकरीला लागणार होते. तिलाही मिळाली होती, कसल्याशा गोदामात, येणारी-जाणारी खोकी ओळखायचे कॅमेरे बसवण्याची.

"या," ती म्हणाली. "तो टेबलाचा कोपरा धरता का?"

मी धरला. आम्ही टेबल दारापर्यंत नेलं आणि दम खायला थांबलो. मी मनाशी जुळवून आणलेलं सगळं बोलायला सुरुवात केली. की पुढच्या वर्षासाठी बाईंनी निकष बदलायला घेतलेत, की मी स्वतः पाठपुरावा करीन. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बैल गेला नि झोपा केला," ती म्हणाली. पण चिडून नाही. मग टेबलावर हात टेकून तिने माझ्याकडे बघितलं. "मामा, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"यंत्र राहू दे. दीड वर्षापूर्वी माझा हा प्रस्ताव तुमच्या टेबलावर आला असता, कुणाचा आहे हे तुम्हाला माहीत नसतं, तर तुम्ही किती दिले असते?"

मला खोटं बोलता आलं असतं. सहा म्हणालो असतो तरी तिने ऐकून घेतलं असतं, आणि आम्हा दोघांनाही घरी जाणं जरा सोपं झालं असतं. पण मला तो ढीग दिसला, ती अकरा वाक्यं दिसली आणि त्यांच्याखाली चालणारा माझा हात दिसला.

"तीन," मी म्हणालो.

ती हसली. अगदी मोठ्याने, तोंडावर हात घेऊन, दोघा मित्रांनी वळून बघावं इतकी. "म्हणजे धाकट्या साहेबांनी एक गुण जास्तच दिला की!" ती म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने ते बाहीने पुसले.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "माझे गुण सदोष होते." ते वाक्य इतकं लहान होतं की उच्चारायला श्वाससुद्धा लागला नाही. बाहेर टेंपोवाला घाई करत होता.

"हो," ती म्हणाली. "चला, उचला तुमची बाजू."